पुढचा हायड्रॉलिक ब्रेक घाटात मऊ पडतो, गार झाला की चिकटतो. ब्लीड करूनही फरक नाही

घाटउतार, सातारा

नमस्कार मंडळी. सायकल हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), ब्रेक शिमानो एमटी२००, पुढे १८० मिमी डिस्क, मागे १६०. पावसाळ्याच्या तोंडावर एका दुकानात सर्व्हिसिंगला टाकली होती, तेव्हा त्यांनी पुढचा ब्रेक ब्लीड करून दिला, म्हणजे आतली हवा काढून तेल भरून दिलं. घरी आणली तेव्हा लिव्हर टणक होता, काही तक्रार नव्हती.

त्यानंतर ब्रेक हळूहळू बिघडत गेला. परवा पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना अर्ध्यात लिव्हर मऊ पडला आणि शेवटच्या वळणांना थेट ग्रिपला टेकायला लागला. मागच्या ब्रेकवर सांभाळत वाईत पोचलो. चहा होईस्तोवर लिव्हर पुन्हा टणक झाला, पण आता पुढचं चाक मोकळं फिरेना, पॅड डिस्कला धरून बसलेले. लिव्हर सोडला तरी रेंगाळत मागे येतो.

घरी लिव्हरच्या टाकीवर फनेल लावून ब्लीड केला. थोडे बुडबुडे आले, तेल छान लाल दिसलं. पुन्हा तेच. मागचा ब्रेक त्याच घाटात, त्याच दिवशी ठणठणीत होता. आता पॅड बदलू, पुन्हा ब्लीड करू, की अख्खा ब्रेकच बदलू?

लालमाती, सावंतवाडी

पॅड काढून बघा आधी. आमच्याकडे आंबोलीत पावसात रेझिन (राळेत बांधलेले) पॅड बघता बघता संपतात, लाल चिखल कानशीसारखा घासतो. पॅड संपले की पिस्टन खूप बाहेर येतात आणि लिव्हरचा पल्ला वाढतो. लायनिंग अर्धा मिलिमीटर उरलं असेल तर शिमानोच्या हिशोबानं पॅड बाद.

डोंगरभाऊ, नाशिक

मला हे तापण्याचं प्रकरण वाटतं. पाचगणी ते वाई उतार साधारण ५५० मीटरचा. सायकल, तुम्ही आणि सामान मिळून ९० किलो धरा. ९० गुणिले ९.८ गुणिले ५५०, म्हणजे जवळजवळ ४ लाख ८५ हजार ज्यूल. ३० अंशांचं दीड लिटरहून जास्त पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी ही ऊर्जा. थोडी वारा खातो, थोडी टायर खातात, पण हळू उतरलात तर बहुतेक सगळी पत्र्याच्या दोन डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये जाते. ब्रेक सतत हलका धरून उतरता का? तसं केलं की डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात मारायचे, वेग पाडायचा आणि पूर्ण सोडून द्यायचे.

घाटउतार, सातारा

लालमाती, पॅड नवेच आहेत, भरपूर जाड. डोंगरभाऊ, मी सोडून सोडूनच उतरतो. शिवाय मागची डिस्क लहान असून मागचा ब्रेक शाबूत कसा?

पानापेटी, पुणे

तुमचा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, तो धरून ठेवा.

हायड्रॉलिक ब्रेक बिघडला की पहिला सल्ला ब्लीड करण्याचाच मिळतो. आत हवा असेल तर त्याचा उपयोग. नसेल तर तेलही वाया आणि संध्याकाळही. त्याआधी लिव्हर काय सांगतो ते बघावं. सायकल उभी, ब्रेक गार, मग एकेक करून.

भराभर चार-पाचदा दाबल्यावर लिव्हर टणक झाला आणि जरा थांबल्यावर पुन्हा मऊ पडला, तर आत हवा आहे. एकदा दाबून तसाच धरून ठेवला आणि तो हळूहळू ग्रिपकडे सरकत गेला, तर तेल निसटतंय. बाहेर कुठे ओल नसेल तर लिव्हरमधलं मुख्य सील गेलं. लिव्हर टणक, लागतोही वेळेवर, पण सायकल थांबत नाही, तर तेलाला हातही लावू नका. पॅड किंवा डिस्क तेलकट तरी आहे, नाहीतर तापून चकचकीत झालीय. आणि लिव्हर टणक असून सोडल्यावर चाक अडत असेल, तर दोष पिस्टनकडे शोधायचा.

घाटातही असाच फरक असतो. पॅड तापून हरले तर लिव्हर टणकच राहतो, फक्त पकड जाते आणि जळका वास येतो. तेल उकळलं तर लिव्हर ग्रिपला टेकतो, कारण वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. शिमानोचं मिनरल ऑइल पसरणीसारख्या उतारावर सहसा उकळत नाही. म्हणजे कॅलिपरमध्ये (चाकाजवळ पिस्टन आणि पॅड बसतात त्या भागात) तेलाशिवाय दुसरं काहीतरी आहे.

आता चिकटण्याचं बघा. पॅडांच्या मध्ये पत्र्याची स्प्रिंग असते, ती पॅडांपुरती. पिस्टन मागे घेण्याचं काम चौकोनी छेदाच्या रबरी सीलचं असतं. दाब आला की सील पिस्टनबरोबर किंचित तिरपं होतं, दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला मागे आणतं. सगळा खेळ मिलिमीटरच्या काही अंशांचा. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरून नवी जागा धरतो, म्हणून या ब्रेकला केबलसारखं सारखं पेच फिरवत बसावं लागत नाही. पण सील मळलं, कोरडं पडलं किंवा फुगलं की हे मागे येणं बंद होतं.

तुमच्याकडे लिव्हरही रेंगाळतोय आणि पिस्टनही. वरचं आणि खालचं रबर एकाच वेळी मळून खराब झालं, हे मला पटत नाही. दुकानात कुठलं तेल भरलं?

घाटउतार, सातारा

सगळ्या चाचण्या केल्या. भराभर दाबल्यावर जरासा टणक होतो, फार नाही. धरून ठेवल्यावर सरकत नाही. पॅड काढून एका बाजूचा पिस्टन प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरनं मागे ढकलायला बराच जोर लागला, दुसऱ्या बाजूचा त्याहून जास्त. दुकानात फोन केला, ते म्हणाले, 'ब्रेक ऑइलच टाकलंय, चांगल्या कंपनीचं.' पण मी स्वतः वरून पाहिलंय, तेल लालच आहे. शिमानोचं लालसरच असतं ना?

पानापेटी, पुणे

वरून बघून कळणार नाही. 'ब्रेक ऑइल' म्हणजे मोटरसायकलचं डॉट ३ किंवा डॉट ४ असायची शक्यता मोठी आहे, प्रत्येक गॅरेजमध्ये तीच बाटली असते. ते ग्लायकॉल जातीचं असतं, मिनरल ऑइलमध्ये मिसळत नाही आणि त्याहून जड असतं. खालून सिरिंजनं भरलं असेल तर ते खाली कॅलिपरमध्येच बसून राहणार आणि वर लिव्हरच्या टाकीत जुनं लाल तेल दिसत राहणार.

असं करा. पॅड आणि चाक काढा, पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून पिवळा ब्लीड ब्लॉक बसवा. कॅलिपरच्या निपलला (तेल काढायच्या तोटीला) नळी लावून एक-दोन मिली तेल खालून काढा. काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या, त्यात ते थेंब थेंब सोडा आणि ढवळा. मिनरल ऑइल असेल तर वर तवंग येईल आणि कितीही ढवळलं तरी पुन्हा वर येईल. डॉट असेल तर पाण्यात विरघळून जाईल. तुलनेसाठी मागच्या ब्रेकचं तेल दुसऱ्या ग्लासात टाका.

हातमोजे घाला, आणि काढलेलं तेल फोर्कवर सांडू देऊ नका. डॉट रंग उतरवतं.

घाटउतार, सातारा

रंगाचं वाचलं आणि आधी खाली वाकून बघितलं. फोर्कच्या डाव्या पायावर, कॅलिपरच्या जरा खाली, नखाएवढ्या जागेत रंगाला सुरकुत्या पडल्यात. नख लावलं तर रंग सालीसारखा निघाला. हे मी दगड लागून झालं असं समजत होतो.

ग्लासची चाचणीही केली. मागच्या ब्रेकचं तेल गुलाबी चकत्या होऊन वर तरंगलं. पुढच्या कॅलिपरमधून आधी पिवळसर तेल आलं, ते ग्लासात पडलं, खाली जाताना दोरे दोरे दिसले आणि ढवळल्यावर पाणी जसंच्या तसं. नंतरच्या थेंबांत थोडा तवंग. म्हणजे दोन्ही आहेत आत.

डोंगरभाऊ, नाशिक

मग माझं निदान मागे घेतो. उकळलंही डॉटच असणार. कोरडं असताना डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. किती काळ उघडी पडलेली बाटली होती कोण जाणे. वर अख्खा पावसाळा.

फोंडावळण, गोवा

मध्येच विचारते, विषय जवळचा आहे म्हणून. माझ्या मागच्या ब्रेकचा लिव्हर टणक आहे, पण ब्रेक लावला की रस्ताभर किंचाळतो आणि थांबत नाही. चेनला स्प्रेचं वंगण मारल्यापासून सुरू झालं. मुलगा शाळेत जाताना हीच सायकल नेतो, म्हणून काळजी वाटते.

लालमाती, सावंतवाडी

ताई, वंगण डिस्कवर उडालं. स्प्रे चेनला मारताना मागची डिस्क नेहमीच त्याच्या तडाख्यात असते. पुढच्या वेळी थेंबाची बाटली वापरा आणि चेन फडक्यात धरून पुसा.

डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं. कापड प्रत्येक वेळी स्वच्छ घ्या, काळं येणं थांबेपर्यंत. पॅड मात्र बदला. काही जण पॅड गॅसवर भाजतात, ते करू नका. रेझिन पॅड सच्छिद्र असतो, तेल आतपर्यंत जातं. वरवर पॉलिश पेपर मारला की आठवडाभर बरा वाटतो, मग तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं.

चाकोरीबाहेर, कोल्हापूर

पॉलिश पेपरबद्दल थोडं वेगळं सांगतो. पॅड तेलकट नसून फक्त चकचकीत झाला असेल, म्हणजे घाटात तापून वर काच आल्यासारखा, तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलेला पॅड पुन्हा व्यवस्थित चालतो. तेलकट पॅडच्या कडा ओलसर काळ्या दिसतात, तापलेल्याच्या दिसत नाहीत. ताईंचा पॅड बादच आहे, त्यात दुमत नाही.

नवे घेताना डिस्कवरची अक्षरं वाचा. स्वस्त सेटच्या डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' कोरलेलं असतं. त्या डिस्कला धातूचे सिंटर्ड पॅड लावले की डिस्क खाल्ली जाते. जाडीही बघा. शिमानोची डिस्क नवी १.८ मिमी असते, १.५ ला बाद.

घाटउतार, तुमच्यासाठी: सगळं तेल काढून अल्कोहोलनं तीन-चारदा धुवा, वाळवा आणि नवीन मिनरल ऑइल भरा. हजारो रुपये वाचतील.

पानापेटी, पुणे

चाकोरीबाहेर, पॅडबद्दल पूर्ण सहमत. धुण्याबद्दल अजिबात नाही, आणि हे स्पष्ट लिहायला हवं, कारण धागा पुढे कुणीतरी शोधत येईल.

मिनरल ऑइलच्या ब्रेकमधलं रबर नायट्राइल जातीचं असतं, डॉटच्या ब्रेकमधलं ईपीडीएम. एकाचं तेल दुसऱ्याला घातलं की रबर फुगतं, मऊ पडतं. फुगलेलं रबर धुऊन पूर्वीच्या मापाला येईल याची कुणीही खात्री देऊ शकत नाही. शिमानो कॅलिपरची सीलं सुटी विकत नाही. पुढचा ब्रेक आहे. उतारावर वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं मोठं काम तोच करतो. अंगणात टणक लागणारा लिव्हर घाटाच्या मध्यावर कसा वागतो, ते त्यांनी एकदा पाहिलंय.

लिव्हर, होज (तेलाची नळी), कॅलिपर, तिन्ही बदला. एमटी२०० चा तेल भरलेला जोडलेला सेट मिळतो, फार महाग नसतो. आत्ताचे पॅडही टाकून द्या. डिस्क अल्कोहोलनं पुसून ठेवा, तिला काही झालेलं नाही.

डोंगरभाऊ, नाशिक

पानापेटीशी सहमत. आणि उलटंही तितकंच वाईट. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट ५.१ लागतं, पण त्यांच्याच डीबी८ आणि मेवनला मिनरल. मगुरा आणि टेक्ट्रो मिनरल, होप डॉट. कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरच्या टाकीवर काय लिहिलंय ते वाचा. आणि डॉट ५ ही सिलिकॉनची वेगळी वस्तू आहे, ५.१ च्या जागी ती भरायची नाही.

नवाचाक, सांगली

मिनरल ऑइल इथे मिळत नाही. मेडिकलमधलं बेबी ऑइल चालतं असं एका व्हिडिओत पाहिलं. तेही मिनरल ऑइलच ना?

पानापेटी, पुणे

नका वापरू. नाव एक असलं तरी तेलाचा पातळपणा, गारठ्यात ते किती घट्ट होतं, सीलांवर काय परिणाम होतो, यांपैकी काहीच ब्रेकसाठी तपासलेलं नसतं. ५० किंवा १०० मिलीची बाटली ऑनलाइन मागवा. एका ब्रेकला थोडंच लागतं आणि मिनरल ऑइल ओल शोषत नाही, त्यामुळे झाकण घट्ट लावून ठेवलेली बाटली बराच काळ टिकते.

मिनरल ऑइलचा एक तोटा मात्र लक्षात ठेवा. ते पाणी शोषत नाही म्हणजे आत शिरलेलं पाणी वेगळंच राहतं आणि जड असल्यानं कॅलिपरच्या तळाशी साचतं, सगळ्यात तापणाऱ्या जागी. ते १०० अंशांना उकळतं. पावसात भरपूर चालणाऱ्या सायकलींचं तेल म्हणून वर्षातून एकदा बदलावं, लिव्हर चांगला वाटत असला तरी.

लालमाती, सावंतवाडी

अजून एक. बसच्या डिकीत सायकल टाकताना चाक काढलं की पॅडांच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा घालाच. कुणीतरी सामान ढकलताना लिव्हर दाबतो, पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. तसं झालंच तर पॅड काढून टायर लिव्हरनं पिस्टन सरळ रेषेत मागे ढकला. स्क्रूड्रायव्हर नको, पिस्टनचे टवके उडतात.

आणि सायकल उलटी करून बराच वेळ ठेवली असेल तर टाकीतली हवा होजमध्ये शिरू शकते. उभी केल्यावर लिव्हर मऊ लागला तर लगेच ब्लीड किट काढू नका. हँडल वर राहील अशी ठेवा, लिव्हरला हलक्या टिचक्या मारत राहा, रात्रभर लिव्हर पट्टीनं बांधून ठेवा. पुष्कळदा हवा आपोआप टाकीत परत जाते.

फोंडावळण, गोवा

पॅड बदलले, डिस्क पुसली. आवाज गेला, पण ब्रेक अजून कमी धरतो. पुन्हा काही चुकलं का?

चाकोरीबाहेर, कोल्हापूर

काही चुकलेलं नाही ताई, नवे पॅड बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगानं जा, ब्रेक घट्ट पण एकसारखा लावत चालण्याच्या वेगापर्यंत या, पूर्ण थांबू नका, चाक लॉक होऊ देऊ नका, सोडा. असं वीसेक वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि पकड येते. मुलाच्या हातात त्यानंतरच द्या.

घाटउतार, सातारा

मंडळी, नवा सेट बसवला. जुना कॅलिपर उत्सुकतेपोटी उघडला. पिस्टन बाहेर काढायला हवेचा दाब द्यावा लागला. आतली दोन्ही सीलं खोबणीत मावत नव्हती, एका बाजूनं लाटेसारखी वर आलेली आणि बोटानं दाबली तर चिघळल्यासारखी मऊ.

दुकानात दोन्ही ग्लासची चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवली. मालकांनी शांतपणे पाहिलं, नव्या सेटचे अर्धे पैसे दिले, आणि पावसाळ्यात आणखी कुणाकुणाच्या सायकली ब्लीड केल्या त्याची वही काढून फोन लावायला बसले. हे मला फार बरं वाटलं, कारण त्यातल्या काही सायकली शाळेच्या पोरांच्या आहेत.

काल पुन्हा पसरणी उतरलो. वाईत पोचेपर्यंत लिव्हर होता तिथेच लागत होता, चाकही मोकळं फिरलं. पानापेटी, आभार कसे मानू कळत नाही.

शेवटची एक शंका. नव्या सेटचा होज चार बोटं लांब आहे, हँडलसमोर फुगा येतो आणि झुडपात अडकतो. कापला तर पूर्ण ब्लीड करावं लागेल का?

पानापेटी, पुणे

आभार राहू द्या, त्या वहीतल्या सगळ्यांना फोन गेले का तेवढं कळवा.

होज लिव्हरच्या बाजूनं कापायचा. धारदार कटरनं काटकोनात, कात्रीनं नाही. ऑलिव्ह (जोडावर दाबली जाणारी धातूची कडी) आणि होजच्या टोकात बसणारी पिन दोन्ही नवीन वापरा. जुनी ऑलिव्ह एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा धरत नाही. कापताना लिव्हर दाबू नका आणि कापलेलं टोक वर धरून ठेवा, म्हणजे तेल फारसं जात नाही. जोडल्यावर लिव्हर आडवा करून वर फनेल लावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळू हळू दाबत राहा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मऊ राहिलाच तर खालून पूर्ण करा. कापण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, होजला ताण येता कामा नये.